खवल्याखालचं नाव

नाना गेल्याचा निरोप मला जळगावला, मेहरूणमध्ये, शेजारच्यांच्या फोनवर मिळाला. धुळ्याहून त्यांची सून बोलत होती. "ताई, आमचे नाना गेले. सकाळी चहा घेतला, आणि खुर्चीतच..." मी "अगं बाई!" म्हणाले. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगायला आज दीड महिन्यानंतरही जीभ अडखळते. मनात आलं, सुटले मी! आता ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही... रडू नंतर आलं. त्याआधी मला स्वतःचीच भीती वाटली.

ऐंशीच्या दशकात धुळ्याला आमच्या कीटक विभागात नाना प्रयोगशाळा मदतनीस होते. शिक्षण जेमतेम अकरावी, पण खवले किडीच्या बाबतीत मोठमोठे पदवीधर त्यांच्यापुढे गप्प बसत. ही कीड म्हणजे मोठं विचित्र प्रकरण. पाय दिसत नाहीत, पंख नाहीत, पानाला किंवा फांदीला डाळीचं टरफल चिकटावं तसा नुसता तपकिरी ठिपका. त्या कवचाखाली मादी बसलेली असते, जन्मभर एका जागी रस शोषत. गोम अशी की वेगवेगळ्या जातींची कवचं हुबेहूब सारखी असतात, आणि एकाच जातीचं कवच पानावर एक आणि खोडावर दुसरं दिसतं. म्हणून मादी बाहेर काढायची, पोटॅशमध्ये मंद आचेवर पारदर्शक करायची, गुलाबी रंगवायची, काचपट्टीवर चपटी बसवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मागच्या कडेची झालर वाचायची. सगळं वर्गीकरण त्या झालरीवर. केसाएवढ्या सुईने नाना हे करायचे तेव्हा त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे.

मी तिथे नवीन लागले होते. पहूरची मुलगी, घराण्यातली पहिली एम.एस्सी., तात्पुरती नेमणूक आणि डोक्यात भरपूर हवा. भिंगातून बघून मी पटकन नाव सांगायला गेले की नाना हसायचे. "कवचावर जाऊ नका ताई. लुगडं बघून बाई ओळखता का तुम्ही? आतली बाई बघा." पण स्वतः नाव द्यायची वेळ आली की हाच माणूस घाबराघुबरा व्हायचा. तीनतीनदा बघायचा, पुन्हा हात धुऊन यायचा. मी एकदा चिडवलं, "नाना, एवढं काय भ्यायचं? किडाच तर आहे." ते हसले नाहीत. म्हणाले, "आपण इथे नाव देतो, ताई. तिकडे कुणीतरी कुऱ्हाड उचलतं."

साक्रीजवळच्या एका खेड्यात एक सुभेदार निवृत्त होऊन परतले होते. येताना आसामातून तुपाच्या डब्यात चहाची चार रोपं घेऊन आले. दोन मेली, दोन विहिरीच्या काठाला जगली. चहाचं झाड बघायला अख्खा गाव लोटला. एकाने पान चावून बघितलं आणि यात साखर कुठे आहे म्हणून विचारलं म्हणे! वर्षभराने त्या पानांवर तपकिरी ठिपके आले. सुभेदारांनी आसामात या किडीपायी मळे वाळलेले पाहिले होते, ते घाबरले. आणि विहिरीपलीकडे देवरामआबांची लिंबाची बाग, चाळीस झाडं. तिच्या फांद्यांवरही तसेच ठिपके. सुभेदारांनी दोन्हीकडच्या डहाळ्या आमच्याकडे पाठवल्या.

नाना भाचीच्या लग्नाला गेले होते, चार दिवसांच्या रजेवर. साहेब म्हणाले, "बाहेरची कीड असेल तर पसरायच्या आत बंदोबस्त करायला हवा. कोण बघतंय?" मी म्हटलं, मी बघते. भिंग लावलं. दोन्हीकडे तेच गोल कवच, तोच रंग, मधोमध तेच टोक. मी मादी उघडलीच नाही. चहावरच्या किडीचं नाव दोन्ही डहाळ्यांच्या चिठ्ठ्यांवर लिहिलं, खाली झोकात सही ठोकली. साहेबांनी साक्रीला निरोप धाडला, चहाची रोपं आणि लिंबाची झाडं तोडून जागीच जाळा.

तिसऱ्या दिवशी नाना हजर. मी मोठ्या फुशारकीने सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि एकच विचारलं, "आतली बाई बघितली का?" माझं उत्तर त्यांना चेहऱ्यावरच दिसलं. त्यांनी लगेच स्टोव्ह पेटवला. दोन तास मी त्यांच्या मागे उभी होते. साक्रीचा फोन लागत नव्हता. अखेर ते सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि मला स्टूल दिलं. चहावरच्या मादीची झालर एक, लिंबावरच्या मादीची साफ वेगळी. लिंबावर होती ती आपली इथलीच लाल खवले कीड, खराब फांद्या छाटून तेलाचं औषध फवारलं की आटोक्यात येणारी.

साक्रीच्या बसमध्ये मी म्हटलं, "नाना, माझी नोकरी जाईल हो." ते खिडकीबाहेर बघत होते. "आधी झाडं, ताई," म्हणाले. बसमधून उतरून शेताच्या वाटेला लागलो तर समोर धूर. ओल्या पानांचा, डोळ्यांत झोंबणारा. मी चालायची थांबले. पन्नाशीतले नाना पळत सुटले.

एकोणीस झाडं आडवी झाली होती. चहाची रोपं केव्हाच राख झाली होती, आणि लिंबाच्या पहिल्या ढिगाला आग लागली होती. आबा विसाव्या झाडाशी कुऱ्हाड घेऊन उभे. नानांना ते आधीपासून ओळखत. त्यांना बघून म्हणाले, "तुम्हना निरोप उना म्हनीसन तोडात, नाना. आते खरं सांगा, रोग शे का नही?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं... पण भीतीने दातखीळ बसली. आणि माझ्याआधी नाना बोलले. "नाही आबा. आपली साधी कीड आहे, औषधाने जाईल. चूक माझी. मी न बघता नाव दिलं."

आबांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तुम्हीबी चुकतस का, नाना?" एवढंच म्हणाले आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

साहेबांनाही नानांनी तेच सांगितलं. रजेवर जाण्याआधी डहाळी पाहिली होती, मीच ताईंना नाव सांगितलं, म्हणे! धादांत खोटं. त्यांना वर्षभर रोपवाटिकेत बसवलं, प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. मी कायम झाले. पुढे नाना परत आले, मी जळगावला बदलून गेले, पण ती धास्ती काही सुटली नाही. कुठे भेटले की हसत विचारायचे, "काय ताई, आतली बाई बघता ना?" आणि मला घाम फुटायचा. वाटायचं, आज बोलणार, चारचौघांत बोलणार. ते कधी बोलले नाहीत. मला खात्री आहे, टोमणाही नव्हता तो. नुसतं विचारायचे. भ्यायला मला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

तेराव्यानंतर मी धुळ्याच्या प्रयोगशाळेत गेले. नमुन्यांच्या कपाटातली साक्रीची पेटी काढली. आमच्या कामात एक रीत आहे. एखाद्याने चुकीचं नाव दिलं तरी ती चिठ्ठी फाडायची नाही. खाली नवी जोडायची, म्हणजे कोण कुठे चुकलं ते पुढच्याला दिसतं. ही रीत नाना व्रतासारखी पाळत. पेटीत लिंबाची वाळलेली डहाळी होती, शेजारी काचपट्टी, खाली दोन चिठ्ठ्या. दोन्ही नानांच्या अक्षरात. खालची बरोबर नावाची. वरची चुकीच्या नावाची, आणि तिच्यावर लिहिलेलं, 'केवळ कवचावरून', पुढे त्यांची सही. माझी चिठ्ठी नव्हतीच. आयुष्यात एकच चिठ्ठी त्यांनी फाडली असेल, ती माझी.

मी पेन काढलं. मग त्यांच्या चिठ्ठ्यांना हात न लावता खाली तिसरी जोडली: 'पहिली ओळख नानांची नाही. माझी.' सही केली.

आबा अजून आहेत, असं कळलं. थकलेत, पण आहेत. मी लिहिलेलं हे छापून येण्याआधी त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं, म्हणून उद्या सकाळच्या बसने साक्रीला निघतेय. उरलेली एकवीस झाडं अजून लिंबं देतात म्हणे. मला मात्र त्या एकोणीस झाडांच्या जागी उभं राहून बोलायचंय, आणि या वेळी माझ्याआधी बोलणारं कुणी नाही.