अंगणातला दगड

स्टुटगार्टला आमच्या चढावर एक म्हातारे ग्रीक शिंपी आहेत. पँट आखूड करायची असली की मी त्यांच्याकडेच जातो. तोंडात टाचण्या धरून काम करतात, त्यामुळे बोलणं जवळपास नाहीच. रेडिओवर गाझाची बातमी लागली की तेवढा आवाज बारीक करतात.

परवा मला राहवलं नाही. विचारलं, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

त्यांनी टाचण्या एकेक काढून कॉलरला खोचल्या.

"हे बघा, १९८२ च्या युद्धातून सुटून पॅलेस्टिनी लोक बोटींनी ग्रीसला आले, तेव्हा माझे वडील बंदरावर ब्लँकेटं घेऊन गेले होते. फार जीव त्यांचा त्या लोकांवर. आता तिकडे थेस्सालोनिकी शहरातलं आमचं घर बहीण इस्रायली पर्यटकांना भाड्याने देते. तिला ते आवडतात. अंगणात एक संगमरवरी दगड आहे, आई त्यावर कपडे धुवायची. त्यावरची अक्षरं कसली ते मला इथे आल्यावर कळलं, इथल्या ज्यूंच्या दफनभूमीत तशीच अक्षरं पाहिली तेव्हा."

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांच्या शहरातले ज्यू मारायला नेले. त्यांची तिथली दफनभूमी उखडली गेली आणि थडग्यांचे दगड लोकांनी घरांना वापरले. हेही त्यांनी सरळ सांगितलं.

"आमच्या घरात सगळ्यांची बाजू घेऊन झाली. तो दगड ज्याचा, त्याची कोणी घेतली नाही."

"अजून तिथेच आहे?"

"कुंड्या ठेवल्यात त्यावर. पर्यटक शेजारी बसून कॉफी पितात. तिथे उरलेल्या थोड्या ज्यूंना देऊन टाक म्हणतो, तर बहीण म्हणते, सीझन संपू दे."

टाचण्या पुन्हा तोंडात धरून ते माझ्या पायाशी बसले.