तोंड दाबलेलं इंजिन

आबा फोरमन चिडले की हातातला पाना फेकायचे. फेकण्याआधी कोणाला बाजूला हो म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडची मागची भिंत त्या माराने खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. मी कामाला लागलो त्या दिवशी मालकांनी मशीन दाखवायच्या आधी मला ती भिंत दाखवली आणि तिथे उभं राहायचं नाही, एवढंच सांगितलं.

आबा मनमाडचे. सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात झाली आणि निवृत्तीनंतर घरी बसून घरच्यांचं डोकं फिरवायला लागले, तेव्हा मुलीनेच त्यांना आमच्याकडे आणून सोडलं. आम्ही बिनपायलटच्या छोट्या विमानांसाठी रोटरी इंजिन बनवायच्या खटपटीत होतो. या इंजिनात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर गरगर फिरतो. धूर सोडायला झडपही नसते, नुसतं भोक असतं. ते एकदम उघडतं आणि पेटता धूर बंदुकीच्या बारासारखा बाहेर येतो. आवाज असा, की पहिल्या दिवशी मला दाढा हलल्यासारखं वाटलं. आबांना मात्र तो आवाज आवडायचा. इंजिन चालू झालं की त्यांच्या चेहऱ्यावर सासुरवाडीला आल्यासारखी खुशी दिसायची.

आवाज कमी करायला सायलेन्सर लावावा, तर ताकद कमी व्हायची. आत आणखी एक भोकांची प्लेट घातली की आवाज जरा उतरायचा, पण धूर मागे तुंबायचा आणि विमानाचा पंखा मंदावायचा. गिऱ्हाइकाला दोन्ही हवं होतं. मी रोज नवं चित्र काढून आबांपुढे ठेवायचो आणि ते रोज ते चुरगाळून मलाच फेकून मारायचे. "तोंड दाबून बुक्क्यांचा मार माणूस सहन करतो," ते म्हणायचे, "इंजिन नाय करत."

एकदा शेजारच्या गाळ्याचा मालक आवाजाने वैतागून लोखंडी गज घेऊनच आला. आबांनी गज हिसकावला, त्याची गचांडी धरली आणि त्याला चालू इंजिनापुढे नेऊन उभं केलं. बिचारा कान दाबून खालीच बसला. मग आबांनी स्वतःच्या हाताने त्याला पाणी पाजलं आणि पोरगं वयात येतंय, जरा ओरडणारच, अशी समजूत घातली. आम्ही हसलो, पण त्याने तक्रार केली. आवाज ठरल्या मर्यादेत आला नाही तर शेड बंद, अशी नोटीस लागली. त्याच सुमारास गिऱ्हाइकाने शेवटच्या चाचणीचा दिवस कळवला. या चाचणीत इंजिन नापास झालं तर आबांची दोन वर्षं पाण्यात जाणार होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी आबा लग्नाला मनमाडला गेले. आवाज अजून थोडा जास्तच होता. जाताना त्यांनी मला बजावलं होतं की आता आत एकही प्लेट वाढवायची नाही. मी वाढवली. सायलेन्सर कापला, भोकांची एक प्लेट चारी बाजूंनी घट्ट वेल्ड केली, वरून घासून रंग मारला. आवाज मर्यादेत आला, ताकदही फारशी गेली नाही. माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो. धातू तापला की पसरतो, त्याला पसरायला जागा लागते, हे शाळेत शिकलेलं मला आठवलं नाही.

चाचणीला मी आवाजाचं मीटर घेऊन सायलेन्सरच्या समोरच उभा होतो. आकडा पाहून गिऱ्हाइकाने मान डोलावली. एवढ्यात सकाळीच परतलेल्या आबांनी कान टवकारले. आम्हा कोणालाच काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. ते धावत आले आणि त्यांनी माझ्या पेकाटात अशी लाथ घातली की मी दहा फूट लांब तोंडावर पडलो. त्याच क्षणी सायलेन्सर फुटला. माझी प्लेट तडकून सुटली होती आणि बाहेरच्या तोंडावर बूच बसल्यासारखी बसली होती. लालभडक पत्र्याचे तुकडे शेडभर उडाले. एका तुकड्याने आबांचा उजवा कान आणि गालाचं मांस नेलं.

चार दिवसांनी आबा दवाखान्यातून पट्ट्या बांधूनच शेडवर आले. दुपारी गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला यायची होती. आबांनी सायलेन्सरचं उरलेलं धूड उचललं आणि आत पाहिलं. शेडमधल्या प्रत्येकाचा वेल्ड त्यांना ओळखता यायचा. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग घण उचलला आणि ते धूड ठोकायला सुरुवात केली. पट्टीतून रक्त झिरपायला लागलं, मालक ओरडत होते, पण आबा थांबले नाहीत. पत्र्याची पार चटणी होईपर्यंत ते घाव घालत राहिले. दुपारी माणसं आली तेव्हा पाहायला काही उरलंच नव्हतं. आबांचं इंजिन फुटलं, असंच कागदावर गेलं. ऑर्डर गेली आणि आबांची नोकरीही गेली.

ते निघाले तेव्हा मी फाटकापाशी त्यांच्या आडवा गेलो. तोंड उघडतो तोच त्यांनी खाडकन कानशिलात मारली. कान सुन्न झाला.

"प्लेटची एक बाजू मोकळी सोडत जा," ते म्हणाले आणि रिक्षात बसले.

तेव्हापासून मी एक बाजू मोकळी सोडतो. माझे सायलेन्सर आता फुटत नाहीत, आणि त्यांची तारीफ होते तेव्हा मला माझीच लाज वाटते. इतकी वर्षं मी मालकांना काही सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात आबा वारले. तेराव्याला मनमाडला मालक माझ्या शेजारीच पंगतीत बसले होते. समोर आबांची मुलगी वाढत होती. माणूस सोन्यासारखा होता, मालक तिला म्हणाले, पण इंजिनाने त्याला दगा दिला.

तिचा हात थांबला. मी ताटावरून उठलो.

"इंजिन चांगलं होतं, ताई," मी म्हणालो. "सायलेन्सर फुटला. त्यातला वेल्ड माझा होता."