नातीच्या वाचनाचा व्हिडिओ

ये गं, अशी जवळ बस. दौंडच्या शाळेत बाई झालीस आन् मावशीकडं यायला तुला सवड न्हाई व्हय? बरं, ऐक.

परवा नातीच्या बाईंनी तिचं वाचन मोबाईलमध्ये घेतलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. पोर जोडाक्षरांना अडखळत होती. संध्याकाळी शेजारीण पोरीच्याच तोंडावर तसं अडखळून दाखवायला लागली. मी तडक शाळा गाठली. बाई वर्षाची उद्दिष्टं लिहीत होत्या. पहिलंच उद्दिष्ट, तंत्रज्ञानाचा जबाबदारीनं वापर!

"आजी, वरून वाचनाचा पुरावा मागतात," बाई म्हणाल्या.

"मग वर पाठवा की! गावाला कशाला दाखवता? पोरीला इचारलं व्हतं का?"

समोर उभं राहून मी तो व्हिडिओ डिलीट करायला लावला. पण ज्यांनी आधीच पुढं धाडला, त्यांचं काय करायचं? मी पन्नाशीत वाचायला शिकले, ती दार लावून. चुकले तरी ऐकायला कुणी नव्हतं. या पोरीला तेवढाही आडोसा मिळू नये?

आता ती माझ्यापुढंसुद्धा वाचायला तोंड उघडत नाही. तुझ्याशी तिचं गूळपीठ, तुझ्यापुढं उघडेल. येत्या रविवारी परत ये, आन् मोबाईल पिशवीतच ठेव.