रुमालाखाली दिलेला शब्द

माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं मला फसवलं. मी नांदेडला दवाखान्यात पडून असताना त्यानं माझ्या गाडीचं इंजिन काढून विकलं आणि त्या जागी भंगारातल्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात, बोरीत, आता लोक वेगळंच सांगतात.

गाडी अमेरिकन, आठ सिलिंडरची. मागं माशासारखे पर, बॉनेट एवढं लांब की त्यावर एक माणूस आडवा झोपावा. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून घेतली. तो तेव्हाच म्हातारा होता. मी बैलबाजारातला दलाल. बापानं मला एक कासरासुद्धा दिला नाही. जे कमावलं ते रुमालाखाली. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून किंमत सांगायची. ठरलं ते दोघांनाच ठाऊक. आणि ते ज्यानं मोडलं, त्याच्यापुढं पुन्हा कुणी हात करत नाही.

गाडीचा सौदाही तसाच झाला. मी दोनदा चिडून उठलो, दोनदा परत बसलो. शेवटी जमलं. मी हात काढायला गेलो तर म्हाताऱ्यानं सोडलाच नाही.

"दलाल, एक राहिलं. इंजिनाला हात लावायचा न्हाई. आन् दर दसऱ्याला गाडी माझ्या दारात आणायची. आवाज ऐकायचाय मला."

"एवढंच?"

"एवढंच. तुला सोपं वाटायलंय."

मी त्याचं बोट दाबलं. शब्द दिला.

त्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडं. ट्रकच्या मागं लागलो की पुढचं मला काही दिसायचं नाही. दिसायचं ते उजवीकडं बसलेल्या माझ्या बायकोला. ती काच खाली करून डोकं बाहेर काढायची. "थांबा" म्हणाली की थांबायचं, "हाणा" म्हणाली की हाणायचं. पहाटे जिंतूर रोडला गाडी मोकळी सोडली की इंजिन घुमायला लागे आणि तिचा पदर तोंडावर फडफडे. दोन्ही हातांनी तो दाबून ती म्हणायची, "मारता का आज मला?" आणि लगेच, "हाणा, मोकळं हाय."

बाजारात मी कुणावर विश्वास ठेवला नाही. गाडीत मात्र तिच्या एका शब्दावर ट्रकला मागं टाकायला बाहेर निघायचो.

मागच्या वर्षी ती गेली. त्यानंतरही मी गाडी काढत होतो. उजवीकडची सीट रिकामी, पण वेग तोच. एकदा समोरून एसटी आली, मी गाडी शेतात घातली. कुणाला लागलं नाही. भावानं ते मनात ठेवलं. मग माझ्या छातीत दुखू लागलं, आधी दवाखाना, नंतर नांदेडलाच लेकीचं घर, असा पावसाळा गेला.

दसरा जवळ आला तसा मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, बॅटरी उतरलीय. औंदा राहू द्या." मी शिव्या घातल्या. शेवटी तो म्हणाला, गाडी पाठवतो. मी नांदेडहून रेल्वेनं थेट सेलूला उतरलो.

म्हातारा ओसरीत खुर्चीवर बसला होता. डोळे जवळजवळ गेलेत, कान शाबूत आहेत. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. "या दलाल," म्हणाला आणि मान तिरपी करून गल्लीच्या तोंडाकडं कान लावून बसला.

कोपऱ्यावरून खडखडाट आला. मला वाटलं, ट्रॅक्टर असावा. पण वळून आली ती माझी गाडी, झेंडूची माळ घातलेली, भाड्याचा ड्रायव्हर बसलेला. भाऊ आलाच नव्हता.

म्हाताऱ्यानं विचारलं, "काय आलं?"

तो उठला, चाचपत गाडीपर्यंत गेला, थरथरत्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "बंद करा ते."

मी आपट्याची पानं पुढं केली. त्यानं घेतली नाहीत.

"दलाल, कितीला दिलंस? किती बोटं मिळाली?"

"मी न्हाई दिलं. आईची आण."

"हात तुझाच होता रुमालाखाली," म्हणाला, आणि आत गेला.

बोरीत येऊन मी भावाची गचांडी धरली. तो हलला नाही. "वैनी गेल्या, दादा. उजवीकडचं आता कोण सांगणार तुमाला? मरायचं होतं का? ही गाडी पळत न्हाई म्हणून तुमी जिवंत राहताल." इंजिन हैदराबादचा कुणी माणूस घेऊन गेला म्हणे. नाव माहीत नाही, पत्ता नाही.

गाव म्हणतं, भावानं जीव वाचवला. जीव माझा होता, शब्दही माझाच. मला विचारलं का कुणी? बायकोचा आवाज होता तोवर मी मेलो नाही, आणि ती गेल्यावर तो आवाज इंजिनाच्या त्या घुमण्यातच मला ऐकू यायचा. तेही यानं विकलं.

म्हातारा फार दिवसांचा नाही. तो मला लबाड समजून मेला, तर माझ्या आयुष्यात राहिलं काय? म्हणून भावाला सांगतो. सेलूला जा. ड्रायव्हर पाठवू नकोस, तू जा. म्हाताऱ्यापुढं बस, हात पुढं कर, वर रुमाल टाक आणि सांग, इंजिन विकणारा हात कुणाचा होता. कधी जातोस, बोल.