उजवीकडे चार पावलं

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, रावजींच्या तेराव्याचं जेवण आटोपल्यावर, त्यांच्या हॉलमध्ये आम्ही एकवीस जण होतो. त्यांतल्या पंधरा जणांना मी ओळखत होतो. उरलेले सहा जण दाराजवळ एकत्र बसले होते. त्यांच्यातल्या पांढऱ्या केसांच्या एक बाई उठून रावजींच्या पत्नीसमोर, पद्मावहिनींसमोर, येऊन बसल्या आणि त्यांनी एक लिफाफा पुढे केला. "दोन हजार सातशे आहेत. राव सारांनी तीन महिन्यांची फी आधीच भरून ठेवली होती, ती परत आणलीय." हे त्या तमिळमध्ये म्हणाल्या. चेन्नईत एकोणीस वर्षं काढल्यावर मला एवढं तमिळ समजतं. मी विचारलं, कसली फी? बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ताई चीची. माझ्या वर्गात येत होते ना ते. बावीस महिने." दाराजवळच्या पाच जणांपैकी एका मुलीने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि दोघींनी माझ्याकडे बघितलं. लिफाफा वहिनींनी घेतला नाही. तुमच्याकडेच राहू द्या, असं म्हणाल्या. मी चप्पल घालून चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, माझ्या घरी आलो.

बावीस महिने हा आकडा ऐकून मी असा उठून का आलो, ते सांगायला हवं. रावजी आणि मी सव्वीस महिने माझ्या हॉलमध्ये रोज सकाळी सहा ते सहा चाळीस ताई ची शिकत होतो. टीव्हीवर व्हिडिओ लावून, दोघंच, गुरूशिवाय. ते गेले त्या सकाळीसुद्धा मी टीपॉय भिंतीला लावून, व्हिडिओ थांबवून उभा होतो. सहा वाजून सहा मिनिटं झाली तरी ते आले नाहीत म्हणून चिडलोही होतो, कारण सव्वीस महिन्यांत ते कधी दोन मिनिटंसुद्धा उशिरा आले नव्हते. मग फोन वाजला. वहिनी होत्या. "निमकर, वर येतां कां जरा? हे उठत नाहींत..." मी जिने चढून गेलो. ते कुशीवर होते, एक हात उशीखाली. झोपेतच गेले होते.

रामचंद्रराव, म्हणजे आमचे रावजी, तंजावरी मराठी. चेन्नईतच जन्मले, संरक्षण खात्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. मी मिरजेचा, केंद्र सरकारच्या हिशेब कार्यालयात बदली होऊन इकडे आलो आणि अण्णा नगरच्या या इमारतीत स्थिरावलो. ओळख लिफ्टमध्ये झाली. मी फोनवर भावाशी भांडत होतो. फोन ठेवल्यावर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "भाऊ तुमचा बरोबर बोलतो आहे. तुम्हीच ऐकत नाहीं." मी गडबडलो. हा मनुष्य मराठी आहे हे मला कळलंच नव्हतं. त्यांची मराठी जुनी, तमिळ चालीची, अधूनमधून 'सरी', म्हणजे बरं, आणि 'परवाइल्लै', म्हणजे हरकत नाही, असं पेरलेली. माझ्या मराठीला ते पेपरातली मराठी म्हणत. "तुम्ही बोलतां तेव्हां वाटतं, बातम्या लागल्या."

ताई चीचं मीच काढलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबासाठी हळू व्यायाम करायला सांगितला. क्लास लावायचा नाही हे माझं आधीच ठरलेलं होतं. सगळं फुकट उपलब्ध असताना शिकवणाऱ्याला पैसे कशाला? मी अठ्ठेचाळीस व्हिडिओंची एक मालिका शोधली आणि कोणत्या आठवड्यात कोणती हालचाल, याचा तक्ता करून टीव्हीशेजारी चिकटवला. एकूण चोवीस हालचाली; ओळीने केल्या की त्याला फॉर्म म्हणतात. रावजींनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, मी पण येतों. पहिली खरी हालचाल होती घोड्याची आयाळ दोन हातांनी बाजूला सारण्याची. रावजी म्हणाले, "घोडा कुठें आहे निमकर? इथे तर सोफाच दिसतो." मी सांगितलं, घोडा आहे असं समजायचं. "सरी. मग तुमच्या सोफ्याला खरारा करतों."

व्हिडिओंचा आवाज मी बंद ठेवत असे. सकाळी सहाला सुनंदा, माझी बायको, पूजेला बसते आणि मुलगी झोपलेली असते. शिवाय शिकवणारा चिनी बोलायचा. खाली इंग्रजी अक्षरांची पट्टी यायची, पण तिच्यामागे त्याची पावलं झाकली जात, म्हणून तीही मी बंद केली. मला पावलं मोजायची होती. त्या पट्टीत दर वाक्याला 'डावा पाय', 'उजवा हात' असं लिहिलेलं होतं, हे मला दोन आठवड्यांपूर्वी कळलं. शिकवणारा आमच्याकडे तोंड करून उभा असे. तो पडद्यावर ज्या बाजूला सरके त्या बाजूला आम्ही सरकत होतो. त्याचं डावं ते आमचं उजवं. आम्ही चोवीसच्या चोवीस हालचाली उलट्या बाजूने शिकलो. दोघं सारखंच करत होतो, त्यामुळे चुकतंय असं वाटायला जागाच नव्हती.

रावजींना हे चार महिन्यांनी, वर्गात गेल्यावर कळलं. मला सव्वीस महिन्यांनी, ते गेल्यावर.

आता मागचं सगळं आठवतं आणि प्रत्येक गोष्टीला दुसरा अर्थ लागतो. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी ते समुद्राकाठच्या तिरुवल्लिकेणीला जात. भजनाला जातों, म्हणायचे. तंजावरी मंडळींत भजनाची जुनी परंपरा आहे, मी शंका का घ्यावी? एकदा मी म्हटलं, नुसते जाऊन येता, प्रसाद तरी आणा. पुढच्या शनिवारी त्यांनी कागदाच्या पुडीतून सुंडल आणलं, उकडलेल्या वाटाण्यांचं, कैरीचे तुकडे आणि खोबरं घातलेलं. सुनंदाने ते डोळ्यांना लावून मग खाल्लं. त्यानंतर दर शनिवारी पुडी यायची. समुद्रावरच्या गाडीवरचं, वीस रुपयांचं सुंडल! सुनंदाला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, "देवाच्या नावावर खपवलं हो त्यांनी..." आणि आत निघून गेली.

मग माझा गुडघा. आठव्या-नवव्या महिन्यात उजवा गुडघा दुखू लागला. एका सकाळी रावजी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "निमकर, पाऊल थोडं बाहेर वळवा पाहूं. गुडघा आंत पडतो आहे." मी विचारलं, हे कुठे सांगितलंय? "असंच, दुसऱ्या एका व्हिडिओत पाहिलं." मी आमचा व्हिडिओ थांबवला, मुलीच्या कंपासपेटीतली फूटपट्टी आणली आणि पडद्यावर शिकवणाऱ्याच्या पावलाला ती लावून त्याचा कल दाखवला. माझ्या पावलापेक्षा फारसा वेगळा नव्हता. "बघा," मी म्हटलं, "आपलं बरोबर आहे." रावजी पट्टीकडे बघत राहिले. "पट्टी बरोबर आहे," ते म्हणाले, आणि आम्ही पुढची हालचाल केली. माझा गुडघा अजून दुखतो. योग्य पाऊल कसं ठेवायचं हे त्यांना वर्गात शिकवलेलं होतं. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, तेही खोटं नाव देऊन, आणि मी नाही म्हटल्यावर सोडून दिलं. याचा मला सर्वांत जास्त राग आहे. भजनाचं एक वेळ समजू शकतो. पण माझा गुडघा वाकडा पडताना तुम्ही रोज शेजारी उभे होतात, रावजी...

तेराव्यानंतर दोन शनिवार मी घरी बसलो. तिसऱ्या शनिवारी बसने तिरुवल्लिकेणीला गेलो. शाळेच्या इमारतीची गच्ची, तीस-पस्तीस माणसं, अर्ध्याहून अधिक तरुण. मी जिन्यातून वर डोकं काढतो तोच ती तेराव्याची मुलगी मोठ्याने म्हणाली, "अय्यो, स्केल सार आले!" आणि तीन-चार जण हसले. 

म्हणजे इथे माझी गोष्ट झालेली होती. मी या माणसांना ओळखत नव्हतो, पण ते मला ओळखत होते. माझी फूटपट्टी, माझा तक्ता, भिंतीला लावलेला माझा टीपॉय, सगळं रावजींनी या गच्चीवर आणून सांगितलं होतं. मी तिथूनच परत फिरलो असतो, पण पांढऱ्या केसांच्या बाई समोर आल्या. त्या एका शाळेत व्यायामशिक्षिका होत्या, सगळे त्यांना टीचरच म्हणतात. त्या म्हणाल्या, आलाच आहात तर करून दाखवा.

मी केलं. पस्तीस जणांसमोर, सहा मिनिटं. टीचर हाताची घडी घालून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सगळं आहे. चोवीसच्या चोवीस. फक्त आरशातलं आहे. आणि गुडघा आत पडतोय."

"रावजींनी हे तुम्हाला सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? मंगळवारी आले की ते चुकीच्या बाजूनेच सुरू करायचे. मी ओरडायची, राव सार, शनिवारी तर बरोबर होतं! म्हणायचे, टीचर, सकाळी एक, संध्याकाळी एक, जरा सांभाळून घ्या. वर्गात दोन वर्षं होत आली तरी त्यांचा फॉर्म कधी पक्का झाला नाही. मी म्हणायची, त्या मित्राला घेऊन या. आणतो, आणतो, म्हणायचे." मग त्यांनी पिशवीतून तोच लिफाफा काढला. "पद्माम्मांनी सांगितलंय, तुम्ही आलात तर हे पैसे तुमच्या फीला धरायचे."

वहिनींनाही ठाऊक होतं तर! मी टीचरांना म्हटलं, शिकायचं झालं तर मी माझ्या पैशांनी शिकेन. एका महिन्याचे नऊशे रुपये मोजून दिले, पावती घेतली आणि लिफाफा घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर जाऊन तो वहिनींच्या हातात दिला. त्यांनी कॉफी पुढे ठेवली. मी स्पष्टच विचारलं, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?

"होतं की. मीच म्हणत होतें, सांगा त्यांना. चांगलं नाहीं असं."

"मग?"

"म्हणाले, सांगितलं की निमकर टीव्ही बंद करतील. वर्गालाही येणार नाहींत आणि घरींही करणार नाहींत. मग सकाळीं मी कुठें जाऊं?"

"असं कशावरून? मी ऐकलं असतं."

वहिनी पदराने कॉफीचा डाग पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "तुमची पेटी कुठें आहे?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे हार्मोनियम आहे. तीही मी पुस्तकावरून शिकत होतो. सुनंदाच्या मावसभावाने एकदा माझी बोटं चुकतात असं पाहुण्यांसमोर सांगितलं. त्या दिवसापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती माळ्यावर आहे. हे मी रावजींना स्वतःच, जरा अभिमानाने सांगितलं होतं.

मी कॉफी संपवली आणि खाली आलो.

लोक सांगतात, किती प्रेम होतं बघा त्यांचं तुमच्यावर, दोन्हीकडचं सांभाळलं. असेल. पण मला ते तसं पूर्ण पटत नाही. ज्याला खरं सांगता येणार नाही असा माणूस त्यांनी मला ठरवून टाकलं. मला विचारलं नाही. बावीस महिने मी एका जाणत्या माणसाशेजारी अडाण्यासारखा हात फिरवत होतो, आणि त्या जाणत्याने ते शनिवारी गच्चीवर रंगवून सांगितलं. मी ऐकलं असतं की नसतं, हे आता कधीच कळणार नाही. ती संधी माझी होती. ती त्यांनी घेतली.

गेले बारा दिवस मी घरी बरोबर बाजूने करतो आहे. अक्षरांची पट्टी चालू ठेवून. फॉर्मच्या सुरुवातीला डावीकडे पावलं टाकायची असतात, आम्ही उजवीकडे टाकत होतो. रावजी माझ्या उजव्या हाताला उभे राहत. त्यामुळे रोज सकाळी आम्ही दोघं एकदम उजवीकडे वळायचो आणि चार पावलं मला त्यांची पाठ दिसायची. बनियन, मानेखाली घामाचा त्रिकोण, डावा खांदा जरा उतरलेला. ती पाठ मला तोंडपाठ आहे. तिच्यावरून मला कधी काही कळलं नाही.

आता वळलो की समोर खिडकी येते आणि पाठीमागे त्यांची जागा. चोवीसपैकी एकोणीस हालचाली बरोबर होऊ लागल्या आहेत. पाच अजून उलट्या जातात. त्या पाचांच्या वेळी मी नकळत उजवीकडे वळतो, समोर चपलांचं कपाट दिसतं, आणि कपाटापर्यंतच्या त्या चार पावलांत मी अजूनही, कुणाला तरी धक्का लागू नये म्हणून, हात जरा आखडूनच पुढे नेतो.