एका पार्किंगसाठी दोन गाड्या

आक्काच्या शेडमध्ये विलायती गाडीखाली एक पुठ्ठा अंथरलेला असे. दाजी जाऊन वर्ष होत आलं तरी तो कुणी उचलला नव्हता. गाडी जागची हलली नव्हती, पण मी जावं तेव्हा पुठ्ठ्यावर ऑइलचा एक ताजा, ओला थेंब दिसे. यात अद्भुत काही नाही. त्या काळातली विलायती इंजिनं अशी गळतातच. तरी तो थेंब पाहिला की कुणीतरी आत्ताच गाडी लावून घरात गेलंय असं वाटे, आणि मी दाराकडे बघे.

दाजींच्या दोन गाड्या होत्या. दोन्ही दोनच माणसांच्या, दोन्हींचं टप उघडणारं. विलायती त्यांना एका जुन्या बंगल्याच्या गोठ्यात मिळाली. सीटवर कोंबड्या बसलेल्या. उद्यमनगरातल्या कारखान्यांत भाग ओतून घेत, लेथवर कातून घेत त्यांनी ती कित्येक वर्षांत उभी केली. जपानी त्यांनी नैरोबीची नोकरी संपवून परत येताना घरसामानाबरोबर आणली. तिकडे ती एक स्वस्तातली जुनी गाडी होती. तिला कुणी दुर्मीळ म्हणेल असं तेव्हा कुणाला वाटलं नसेल.

मला तुलना करायची सवय आहे. फ्रिज घेतानाही मी तीन दुकानांतली मापं लिहून आणतो. या दोन गाड्यांत मापानं फरक फार नव्हता. लांबीत वीतभर असेल. स्वभावात मात्र खूप होता. विलायतीला चोक ओढायचा, दोन-तीनदा विनवायचं, मग ती खोकत सुरू व्हायची. ब्रेकचा विचार आधीपासून करावा लागे. पण तारांची चाकं आणि लाकडी स्टिअरिंग यामुळे ती सिग्नलला थांबली की भोवती माणसं जमत. जपानी किल्ली फिरवताच चालू. खाली थेंब नाही. गिअर मनगटाच्या झटक्यानं पडे. दिवे बॉनेटमध्ये लपलेले, बटण दाबलं की डोळे उघडल्यासारखे वर येत.

“जपान्यांनी हिचं सगळं सुख उचललं आणि दुखणी तेवढी विलायतेत ठेवली,” दाजी म्हणत.

“मग ही दुखणेकरी कशाला पाळलीय?”

“हिच्याशी बोलावं लागतं रे. जपानीत बसून दुसऱ्याशी बोलता येतं.”

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात आक्काचं शाहूपुरीतल्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. फ्लॅटला पार्किंग एकच. एक गाडी विकायला हवी होती. परदेशातला भाचा फोनवर म्हणाला, “मामा, विलायती ठेवा. पप्पांचे हात लागलेत तिला. जपानी काय, कुणाचीही असू शकते.” मलाही ते पटलं. विलायतीची किंमतही वाढत जाणारी. आजऱ्याचा एक काजूवाला दोन्ही गाड्या बघून गेला होता आणि मिळेल ती न्यायला तयार होता. तो रविवारी येणार होता. आक्काला कुठली ठेवायची विचारलं की ती चहा टाकायला उठे.

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला मी टेप घेऊन शेडमध्ये गेलो. फ्लॅटच्या खांबांमधून दार उघडेल का, हे बघायचं होतं.

आधी विलायतीत बसलो. दाजी सहा फुटांहून उंच, आम्ही भावंडं बुटकी. पाय पेडलपर्यंत पोचेनात. आरशात मागची भिंत दिसायला हवी, तिथं छपराचे पत्रे दिसले. आरसा अजून त्यांच्याच डोळ्यांसाठी लावलेला होता. लवंगेचा वास येत होता. दाजींच्या तोंडात कायम लवंग असे. मी लवकर उतरलो.

मग जपानीत बसलो. पाय बरोबर पेडलवर गेले. आरशात मागची भिंत नीट दिसली. किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू. बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी खटकलं. वर्षभर उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते. मी इंजिन बंद करून खाली उतरलो आणि बॉनेटवर हात ठेवला. शेडमधला गारठा हाडात शिरत होता, आणि बॉनेट कोमट होतं. अर्धा मिनिट चाललेल्या इंजिनानं पत्रा असा तापत नाही.

मी सीटकडे पाहिलं. चालवणाऱ्याची सीट पार पुढे सरकवलेली. सहा फुटी माणूस तिथं शिरलाच नसता. बाजूची सीट मात्र शेवटच्या खाचेपर्यंत मागे.

“मोजलंस?” दारात आक्का चहा घेऊन उभी होती.

“आक्का, ही गाडी कोण चालवतंय?”

“मी चालवतो की.”

“तू?”

“का? मला हातपाय न्हाईत?” तिनं कप माझ्या हातात दिला. “नैरोबीहून आल्यावर ह्यांनीच शिकवली. उजाडायच्या आधी कोडोलीच्या रस्त्याला जायचो. हे बाजूला पाय पसरून बसायचे. साठीची बाई गाडी शिकतीय म्हणून लोक हसतील, म्हणून कुणाला सांगितलं न्हाय. तुला तर मुळीच न्हाय. तू ॲव्हरेज विचारला असतास.”

“आणि आता?”

“आता बी जातो. रोज.”

“एकटी?”

ती विलायतीकडे वळली. मग म्हणाली, “विलायतीला ह्यांनी मला कधी हात लावू दिला न्हाय. ती ह्यांची. तिच्यात बसलं की हे गेले एवढंच कळतं. ही माझी हाय. इकू नको रे.”

मी फक्त मान हलवली. भाच्याला तिनं स्वतःच फोन केला. ती काय बोलली ते मी विचारलं नाही.

रविवारी काजूवाला आला. “पावणं, चोक ओढल्याशिवाय दमदाटी करू नका तिला,” आक्का त्याला म्हणाली. त्यानं आणलेली बॅटरी जोडल्यावर विलायती तिसऱ्या प्रयत्नात खोकली आणि गेली. पुठ्ठा तसाच राहिला. दुपारी मी तो उचलायला वाकलो तर मधोमध थेंब होता, ओला. गाडी सकाळीच गेली, तो वाळायला वेळ लागतो. मी तसं मोठ्यानं म्हटलंही.

फ्लॅटवर जायच्या दिवशी उजाडायच्या आधी आक्का म्हणाली, “चल, बस. एकदा बघ तरी.” मी बाजूच्या सीटवर बसलो. पाय पुढे कुठंच टेकेनात, पोरासारखे लोंबत राहिले. सीट पुढे घ्यायला मी खालची दांडी शोधू लागलो.

“हात काढ,” आक्का म्हणाली. मी काढला.

कोडोलीच्या रस्त्याला धुकं होतं. ती छान चालवत होती, माझ्याहून छान. दिवे वर आले, दोन्ही बाजूंचा ऊस उजळला. मला लवंगेचा वास आला. ही गाडी जपानी आहे, हिला कसलाही वास येत नाही, असं मी स्वतःला बजावलं.

पुढे एक आंधळं वळण आलं. मी गप्पच होतो. तिनं वळणाच्या बरंच आधी गिअर उतरवला, डोळे रस्त्यावरून न हलवता किंचित हसली आणि हळूच म्हणाली, “व्हय हो, दिसलं मला.”

मला ती अहो-जाहो कधीच करत नाही. मी पाय वर आखडून घेतले आणि होईल तेवढा दाराला चिकटून बसलो.