हळदीच्या हातांचा गेम

पिंप्राळ्याच्या घरातला माळा आवरताना जुन्या व्हिडिओ गेमचा रिमोट हाती आला. बटणांच्या खाचांत अजून हळद आहे.

तेव्हा आम्ही अमळनेरला राहायचो; मे महिना होता. अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला, हळद लागली होती; आता लग्नापर्यंत तिने उंबरा ओलांडायचा नाही. बंद खिडक्या, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, आणि टीव्हीसमोर आम्ही दोघी. मारधाडीचा तो गेम जेमतेम वीस मिनिटांचा, अक्काला तोंडपाठ. कधी ती बंदूक न उचलता खेळायची, कधी डोळे मिटून. शेवटचा राक्षस मेला की किल्ल्याचं दार उघडायचं, आणि अक्का मुद्दाम शेजारच्या खड्ड्यात उडी टाकायची.

"अक्का, दार उघडं शे ना!" मी ओरडले.

"गेम सरना ते माले उठनं पडी," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली.

माझा डाव येत नाही म्हणून मी रुसले. तिला लग्न करायचंय का, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आज रिमोट पुसायला फडकं घेतलं आणि थांबले. बंदुकीचं बटण फिकट पिवळं आहे, उडीचंही. सगळ्यात गडद हळद आहे ती पहिल्यापासून सुरू करायच्या बटणावर.